शिवालिकचे लुप्त कपी

लखनौ शहरात, विद्यापीठाजवळच्या मार्गावर, बिरबल सहानी यांच्या नावाने ओळखली जाणारी एक संशोधनसंस्था आहे. ३ एप्रिल १९४९ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते तिच्या इमारतीची कोनशिला बसविण्यात आली. ही कोनशिला सहानी यांनी स्वतः तयार करविली होती. निरनिराळ्या देशांतून व निरनिराळ्या युगांतून मिळालेले जीवाश्म तीत बसविलेले आहेत. या समारंभानंतर अवघ्या आठवड्याभरात, १० एप्रिल रोजी, सहानी यांचे निधन झाले. त्यांच्या पत्नी सावित्री सहानी यांनी संस्थेचा भार उचलला आणि संस्था वाढीस लागली.

ही संस्था मुळात वनस्पतींच्या जीवाश्मांच्या अभ्यासासाठी निघाली. दगडात ठसा उमटलेली पाने, दगड झालेली खोडे, सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे परागकण ही तिची सामग्री होय. असे असता २०१८ मध्ये याच संस्थेतील संशोधकांनी आपल्या सहकाऱ्यांसह एका लुप्त कपीच्या जबड्याचा तुकडा जगापुढे ठेवला. वाचकाच्या मनात साहजिकच प्रश्न उभा राहील की, वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचा कपींशी काय संबंध? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आपल्याला भारतातील प्राचीन कपींचा इतिहास कळेल. आणि तुटपुंज्या पुराव्यावरून काढलेले निष्कर्ष विज्ञानात कसे तपासले जातात, हेही ध्यानात येईल.

कपी कोणास म्हणावे?

बोलीभाषेत आपण माकड, वानर व कपी हे शब्द एकाच अर्थाने वापरतो. शास्त्रात मात्र त्यांत भेद करावा लागतो. लालतोंडे माकड व काळतोंडे वानर यांना शेपूट असते. कपींना ती नसते. कपींची छाती रुंद असते आणि खांद्याचा सांधा सर्व बाजूंनी फिरू शकतो. त्यामुळे फांदीला हातांनी लोंबकळून झाडावर वावरणे त्यांना साधते. गिबन हे लहान कपी होत; ओरँगउटान, गोरिला व चिंपँझी हे मोठे कपी होत. शरीररचनेच्या दृष्टीने पाहता मनुष्याचाही समावेश याच गटात होतो.

जीवाश्मांत खांदा किंवा शेपटीचे हाड क्वचितच सापडते. जे टिकते ते बहुधा दात असतात, कारण दातांवरील कठीण आवरण, म्हणजे दंतवल्क, हा शरीरातील सर्वांत टिकाऊ पदार्थ आहे. सुदैवाने दातांवरूनही कपी ओळखता येतो. माकडांच्या दाढेवर दोन आडवे कंगोरे असतात. कपींच्या खालच्या दाढेवर पाच उंचवटे असतात आणि त्यांच्या मधून जाणाऱ्या खाचांना इंग्रजी वाय या अक्षराचा आकार आलेला असतो. आपल्या स्वतःच्या दाढांतही ही रचना अनेकदा दिसून येते.

कपींचा सर्वांत जुना इतिहास आफ्रिकेत सापडतो. १९४८ मध्ये मेरी लीकी यांना केनियातील रुसिंगा बेटावर सुमारे १ कोटी ८० लक्ष वर्षांपूर्वीच्या एका कपीची कवटी मिळाली. पुढे आफ्रिका व अरबस्तान यांचा भूभाग आशियाला येऊन भिडला, तेव्हा कपींना उत्तरेची वाट मोकळी झाली. ते युरोपात पसरले, तुर्कस्तानात पसरले आणि पूर्वेकडे येत येत भारताच्या उत्तर सीमेवरील अरण्यांतही पोहोचले.

शिवालिक टेकड्यांची घडण

हिमालयाच्या पायथ्याशी त्याला समांतर अशी ठेंगण्या टेकड्यांची एक रांग पसरली आहे. तिला शिवालिक म्हणतात. या टेकड्या कठीण पाषाणाच्या नसून वाळू, चिखल व गोटे यांचे थर दाबले जाऊन बनलेल्या आहेत. हे थर कसे साचले हे समजून घ्यावयाचे असेल तर लखनौच्या आसपासचा प्रदेश पाहावा. गंगा, घाघरा इत्यादी नद्या हिमालयातून गाळ आणतात आणि मैदानात पसरतात. लखनौच्या भूमीखाली असा गाळ शेकडो मीटर खोलीपर्यंत साचलेला आहे. मायोसीन नावाच्या युगात, म्हणजे सुमारे २ कोटी ३० लक्ष ते ५३ लक्ष वर्षांपूर्वीच्या काळात, उगवत्या हिमालयाच्या पायथ्याशी नेमके हेच घडत होते. पुरात वाहून गेलेले प्राणी, गळून पडलेली पाने, उन्मळलेली झाडे गाळात पुरली गेली. पुढे भूकवचाच्या दाबाने हेच थर वर उचलले गेले आणि त्यांच्या टेकड्या झाल्या.

थरांचे वय ठरविण्यासाठी एका विलक्षण गोष्टीचा उपयोग होतो. पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा भूतकाळात अनेकदा उलटसुलट झालेली आहे. गाळ साचत असताना त्यातील लोहकण त्या त्या वेळच्या दिशेला जुळवून घेतात. या उलटापालटीचे वेळापत्रक ज्ञात असल्यामुळे थरांचा क्रम त्याच्याशी ताडून पाहिला की त्यांचे वय कळते.

या थरांकडे शास्त्रज्ञांचे लक्ष १८३० नंतरच्या दशकात वेधले गेले. सहारनपूरच्या वनस्पतिउद्यानाचे प्रमुख ह्यू फाल्कनर व कालव्यांचे अभियंता प्रोबी कॉटली यांनी येथून हत्ती, पाणघोडे, जिराफ इत्यादींचे असंख्य अवशेष गोळा केले. त्याबद्दल १८३७ मध्ये दोघांना लंडनच्या भूविज्ञान मंडळाचे वुलस्टन पदक मिळाले. पुढे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील गाय पिलग्रिम यांनी १९१० मध्ये येथील एका कपीला शिवापिथेकस हे नाव दिले. ‘पिथेकस’ हा शब्द ग्रीक भाषेतील कपीवाचक शब्दावरून आला आहे. या नावात शिव आणि कपी एकत्र आले आहेत.

अर्ध्या जबड्यावरून रचलेला पूर्वज

१९३२ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठाचे तरुण संशोधक एडवर्ड लुइस यांना आजच्या हिमाचल प्रदेशातील हरितल्यांगर या गावाजवळ वरच्या जबड्याचा एक तुकडा सापडला. तो उजव्या बाजूचा होता. टाळूच्या मध्यरेषेचा भाग त्यात नव्हता. १९३४ मध्ये लुइस यांनी त्याला रामापिथेकस असे नाव दिले आणि त्याचे मनुष्याशी साम्य असल्याचे प्रतिपादन केले. पुढच्याच वर्षी मानवशास्त्रज्ञ हर्डलिच्का यांनी या मतावर कठोर टीका केली. त्यानंतर हा विषय सुमारे पाव शतक मागे पडला.

१९६१ मध्ये एल्विन सायमन्स यांनी हा तुकडा पुन्हा अभ्यासास घेतला. त्यांचे म्हणणे असे की, याचा चेहरा आखूड आहे, सुळ्याची जागा लहान आहे, दाढांवरील दंतवल्क जाड आहे. मुख्य म्हणजे, उजव्या बाजूसारखीच डावी बाजू कल्पून जोडली असता दातांची रांग मनुष्याप्रमाणे कमानदार होते. कपींच्या दातांच्या रांगा जवळजवळ समांतर असतात. यावरून रामापिथेकस हा मानवाच्या शाखेचा पहिला प्रतिनिधी ठरविला गेला. डेव्हिड पिलबीम यांनीही या मताला पाठिंबा दिला. त्यामुळे मनुष्य व कपी यांच्या वाटा सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वीच वेगळ्या झाल्या, असे मानले जाऊ लागले.

हे मत त्वरेने पसरले व शालेय पुस्तकांतही शिरले. मानवाचा आद्य पूर्वज आपल्या शिवालिकमध्ये नांदत होता, ही कल्पना भारतीय वाचकाला सुखावणारी होती यात नवल नाही. परंतु एखादी कल्पना आपल्याला प्रिय आहे एवढ्यामुळे ती खरी ठरत नाही.

पहिला धक्का दगडांतून आला नाही; तो प्रयोगशाळेतून आला. १९६७ मध्ये व्हिन्सेंट सॅरिक व ॲलन विल्सन यांनी मनुष्य व निरनिराळे कपी यांच्या रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाची तुलना केली. दोन प्राण्यांच्या वाटा जितक्या पूर्वी वेगळ्या झाल्या, तितका त्यांच्या प्रथिनांत फरक अधिक पडतो. मनुष्य व आफ्रिकेतील कपी यांच्यातील फरक इतका थोडा निघाला की, त्यांच्या वाटा सुमारे ५० लक्ष वर्षांपूर्वीच वेगळ्या झाल्या असाव्यात, असा हिशेब या संशोधकांनी मांडला. पुढील काळात जनुकांच्या अभ्यासाने हा आकडा थोडा मागे गेला; मनुष्य व चिंपँझी यांच्या वाटा सुमारे ६० ते ७० लक्ष वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या, असे आज सामान्यतः मानतात. दोहोंपैकी कोणताही आकडा घेतला तरी रामापिथेकस त्यापूर्वीचा ठरतो. मग तो केवळ मनुष्याचाच पूर्वज कसा असेल?

जीवाश्मांच्या अभ्यासकांनी हा हिशेब सहजासहजी मान्य केला नाही. पण १९७० नंतरच्या दशकात पाकिस्तानातील पोटवार पठारावर पिलबीम व त्यांचे पाकिस्तानी सहकारी यांना अधिक पूर्ण अवशेष मिळू लागले. मध्यरेषा शाबूत असलेल्या जबड्यावरून दिसून आले की, दातांची रांग मनुष्यासारखी कमानदार नव्हती. सायमन्स यांनी जोडलेली डावी बाजू ही केवळ कल्पना ठरली. त्यानंतर शिवापिथेकसच्या चेहऱ्याचा बहुतेक भाग हाती आला. १९८२ मध्ये पिलबीम यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. डोळ्यांच्या खोबण्या उंच व अंडाकृती, त्यांच्यामधील अंतर अरुंद, चेहरा मध्ये खोलगट आणि नाकाच्या पोकळीचा तळ गुळगुळीत: ही सारी लक्षणे ओरँगउटानची होती.

आता सर्व गोष्टींचा मेळ बसू लागला. ओरँगउटानमध्ये नर मादीपेक्षा कितीतरी मोठा असतो. रामापिथेकस म्हणून ओळखले गेलेले लहान जबडे हे बहुधा शिवापिथेकसच्याच माद्यांचे किंवा लहान चणीच्या प्राण्यांचे होते. रामापिथेकस हे स्वतंत्र नाव मागे पडले. ज्या पिलबीम यांनी आधीच्या मताला बळ दिले होते, त्यांनीच नव्या पुराव्यापुढे ते मत सोडले, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे.

तथापि शिवापिथेकस म्हणजे जुना ओरँगउटान, असे म्हणणेही घाईचे होईल. १९९० मध्ये त्याच्या दंडाच्या हाडांचे वर्णन प्रसिद्ध झाले. ही हाडे लोंबकळणाऱ्या ओरँगउटानसारखी नाहीत; फांद्यांवर चारी पायांनी चालणाऱ्या प्राण्याची खूण त्यांवर दिसते. चेहरा एका कुळाचा आणि बाहू निराळ्याच चालीचे, असे हे कोडे आहे. आशियाई कपींच्या शाखेतील एक जुना नातलग, इतकेच आज त्याच्याविषयी म्हणणे रास्त आहे.

पानांनी दिलेली साक्ष

कपीचा चेहरा कसा होता हे हाडांवरून कळले. पण तो राहत कोठे होता आणि नाहीसा का झाला, हे हाडे फारसे सांगत नाहीत. येथे वनस्पतींच्या अभ्यासकांची गरज भासते.

लखनौच्या संस्थेतील लखनपाल, अवस्थी, महेश प्रसाद प्रभृती संशोधकांनी शिवालिकच्या थरांतील पाने व खोडे वर्षानुवर्षे तपासली. हिमाचल प्रदेशातील नालागड, उत्तराखंडातील काळागड इत्यादी ठिकाणच्या दगड झालेल्या लाकडांचे पातळ काप काढून त्यांच्या पेशींची रचना आजच्या वृक्षांशी ताडून पाहण्यात आली. त्यांत साल वृक्षाच्या कुळातील, विशेषतः आज आसाम, म्यानमार व मलाया येथील सदाहरित अरण्यांत वाढणाऱ्या, उंच वृक्षांचे अवशेष ओळखता आले. आज हिमाचलच्या पायथ्याशी हे वृक्ष आढळत नाहीत. याचा अर्थ, शिवापिथेकसच्या काळी तेथे भरपूर पाऊस पडत होता व अरण्य दाट होते.

हे अरण्य पुढे कसे पालटले, याचा पुरावा मातीतील चुनखडीच्या खड्यांत दडलेला आहे. कार्बन या मूलद्रव्याचे हलके व जड असे दोन स्थिर प्रकार निसर्गात असतात. वृक्ष, भात, गहू इत्यादी वनस्पती जड प्रकार फार थोडा घेतात. ऊस, ज्वारी, बाजरी, मका व उष्ण प्रदेशातील बहुतेक गवते तो त्या मानाने अधिक घेतात. जमिनीत चुनखडीचे जे खडे तयार होतात, त्यांत हे प्रमाण टिकून राहते. शिवालिकच्या थरांतील खड्यांची तपासणी केली असता असे दिसले की, सुमारे ८० लक्ष ते ६० लक्ष वर्षांपूर्वीच्या काळात उष्ण प्रदेशातील गवतांनी अरण्याची जागा मोठ्या प्रमाणावर घेतली. पाऊस वर्षभर न पडता काही महिन्यांपुरता मर्यादित होऊ लागला आणि कोरडा ऋतू लांबला.

शिवापिथेकसचे सर्वांत जुने अवशेष सुमारे १ कोटी २७ लक्ष वर्षांपूर्वीचे असून सुमारे ८५ लक्ष वर्षांनंतर ते आढळत नाहीत. गवताळ राने पूर्णपणे पसरण्यापूर्वीच कपी दिसेनासे झाले, हे लक्षात घ्यावे. मोठ्या कपीला बाराही महिने फळे लागतात. कोरड्या ऋतूत काही महिने फळे मिळाली नाहीत, तर अरण्य उभे असूनही त्याची उपासमार होते. शिवाय मोठ्या कपींची वीण अतिशय मंद असते. ओरँगउटानची मादी सुमारे सात-आठ वर्षांतून एकदाच पिलाला जन्म देते. शिवापिथेकसचीही गती फार वेगळी नसावी. अशा प्राण्याची संख्या एकदा घटू लागली की ती भरून निघणे कठीण. कपी गेल्यानंतरच्या थरांत शेपटीच्या वानरांचे अवशेष दिसू लागतात. पाने व कठीण बिया यांवरही निभावून नेणारे हे प्राणी बदलत्या परिस्थितीत तगले, आणि त्यांचे वंशज आज लखनौच्या गच्च्यांवरही आढळतात.

कच्छमधील जबडा

दीर्घकाळपर्यंत अशी समजूत होती की, भारतातील प्राचीन कपी केवळ हिमालयाच्या पायथ्याशीच राहत होते. २०१८ मध्ये ती बदलावी लागली. लखनौच्या संस्थेतील अनसूया भंडारी, सुनील बाजपेयी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुजरातेतील कच्छमध्ये टप्पर येथे मिळालेल्या वरच्या जबड्याच्या तुकड्याचे वर्णन प्रसिद्ध केले. क्ष-किरणांच्या साह्याने जबडा न फोडता दातांच्या मुळांचे व दंतवल्काचे निरीक्षण करण्यात आले. तो एका प्रौढ कपीचा असून शिवापिथेकसच्या गटात मोडतो, असे आढळले. सोबत सापडलेल्या इतर सस्तन प्राण्यांवरून त्याचे वय १ कोटी १० लक्ष ते १ कोटी वर्षे ठरविण्यात आले.

या एका तुकड्याने भारतातील प्राचीन कपींच्या वसतिस्थानाची सीमा सुमारे १,००० किलोमीटर दक्षिणेकडे सरकली. आज कच्छमध्ये बाभळीची झुडपे व खारी जमीन दिसते. तेथे कपी राहत असेल, तर त्याला पोसणारे वृक्षही तेथे असलेच पाहिजेत. जबडा सापडला की अरण्याचा शोध घ्यावा लागतो, आणि अरण्य सापडले की त्यातील रहिवाशांचा. प्रारंभीच्या प्रश्नाचे उत्तर हेच होय. कपी व वनस्पती यांचे इतिहास वेगळे लिहिता येत नाहीत.

गेलेले व राहिलेले

हरितल्यांगरच्या थरांनी आणखी एक नवल दाखविले. तेथील एका प्रचंड जबड्याला सायमन्स व चंदीगडचे चोप्रा यांनी १९६९ मध्ये बिलासपूर जिल्ह्यावरून नाव दिले. हा महाकाय कपी आता इंडोपिथेकस या नावाने ओळखला जातो व तो सुमारे ८६ लक्ष वर्षांपूर्वीचा आहे. त्याहूनही मोठा जायगँटोपिथेकस दक्षिण चीनमध्ये होऊन गेला. १९३५ मध्ये फोन क्योनिग्सवाल्ड यांना चिनी औषधांच्या दुकानात ‘ड्रॅगनचे दात’ म्हणून विकल्या जाणाऱ्या दातांत त्याची दाढ मिळाली. २०१९ मध्ये सुमारे १९ लक्ष वर्षांपूर्वीच्या एका दाढेच्या दंतवल्कातून प्रथिने वेगळी करण्यात आली. त्यांवरून तो ओरँगउटानचा नातलग असल्याचे सिद्ध झाले. सुमारे ३ लक्ष ते २ लक्ष वर्षांपूर्वीच्या दरम्यान, अरण्ये विरळ होऊ लागली तेव्हा, तोही नष्ट झाला.

मोठ्या आशियाई कपींपैकी आज उरला आहे तो केवळ ओरँगउटान. बोर्निओ व सुमात्रा या दोन बेटांपुरता. त्याच्या तिन्ही जाती नामशेष होण्याच्या अत्यंत निकट आहेत. भारतात आज एकच प्रकारचे कपी आहेत: ईशान्येकडील हूलॉक गिबन. आसामच्या जोरहाट जिल्ह्यात त्यांच्यासाठी राखलेल्या अभयारण्याला होलोंगापार असे नाव आहे. हे नाव होलोंग या उंच वृक्षावरून पडले आहे. आणि होलोंग हा साल वृक्षाच्याच कुळातील, म्हणजे शिवालिकच्या दगड झालेल्या लाकडांचा सगोत्र आहे. त्या काळच्या अरण्याचा जणू एक लहानसा अंश तेथे अद्याप जिवंत आहे.

शिवापिथेकसच्या काळी अरण्य विरळ होण्यास लक्षावधी वर्षे लागली, आणि तरीही कपींना ते सोसवले नाही. आज तेच काम कुऱ्हाड व यंत्रे काही दशकांत करीत आहेत. लुप्त कपींचा अभ्यास हा केवळ गतकाळाचा अभ्यास नव्हे. मंद वीण असलेला, फळांवर जगणारा मोठा प्राणी अरण्यावाचून टिकत नाही, हा निष्कर्ष शिवालिकच्या दगडांत लिहिलेला आहे आणि तो जिवंत कपींनाही लागू पडतो.

मननासाठी प्रश्न

१. जीवाश्मांत हाडांपेक्षा दात अधिक प्रमाणात का सापडतात? दाढेवरून कपी व माकड यांतील फरक कसा ओळखता येतो?

२. रामापिथेकसविषयीच्या निष्कर्षात प्रत्यक्ष पुरावा कोणता होता व कल्पनेचा भाग कोणता होता?

३. ज्वारी व भात यांतील कार्बनच्या फरकाचा उपयोग प्राचीन अरण्यांचा इतिहास जाणण्यासाठी कसा होतो?

४. आपल्या परिसरातील एखादा प्राणी निवडा. तो कोणत्या वनस्पतींवर अवलंबून आहे व कोणत्या महिन्यांत त्याला अन्नाची टंचाई भासत असेल, याची नोंद वर्षभर ठेवा.